एक्केचाळीस मिलिग्रॅम

माझं डोकं तापट आहे, हे धुळ्यात कुणाला वेगळं सांगावं लागत नाही. वर्गात खडू फेकून मारणारी बाई म्हणून दोन पिढ्या मला ओळखतात. उचलली जीभ लावली टाळ्याला, हा माझा जुना रोग. त्या रोगापायी १९९० साली मी एका भल्या माणसाला चारचौघांत चोर ठरवलं. त्याचं नाव कौतिक सोनार. सगळं कॉलेज त्यांना आबा म्हणायचं. देवपुरातल्या आमच्या कॉलेजात भौतिकशास्त्राच्या प्रयोगशाळेत ते शिपाई होते आणि मी, सुगंधा, तिथेच शिकवत होते.

आबा नावाचेच सोनार नव्हते. पांझरा नदीपलीकडे जुन्या धुळ्यात एका गल्लीत त्यांच्या वडिलांचं दुकान होतं. नथीचा आकडा वळवावा तर कौतिकनेच, असं बायका म्हणत. मग १९६३ साली सरकारने चौदा कॅरेटच्या वर दागिने घडवायला बंदी घातली आणि गल्लीतल्या भट्ट्या एकेक करून विझल्या. कुणी भाजी विकायला बसलं, कुणी जीव दिला. आबांना कुणाच्या तरी ओळखीने कॉलेजात बाटल्या धुण्याचं काम मिळालं. बत्तिसाव्या वर्षी त्यांनी खाकी कपडे अंगावर चढवले आणि त्याबद्दल कधी कुरकुर केली नाही.

माणूस मजेत असे, हे मला आधी सांगितलं पाहिजे, नाहीतर तुम्ही उगाच डोळे पुसत बसाल. बंद पडलेलं घड्याळ, अडलेला तराजू, वाकलेली सुई, काहीही आणून द्या, आबा खिडकीत उकिडवे बसून शीळ घालत दुरुस्त करणार. रसायन तोलताना आधी ताजव्यावर फुंकर मारणार, मग एक पाऊल मागे सरणार. मी एकदा विचारलं, मागे का सरता? तर म्हणाले, गिऱ्हाइकाला काटा दिसला पाहिजे. प्रयोगशाळेत कुठलं आलं गिऱ्हाईक, पण सवय ती सवय.

मला तेव्हा संशोधनासाठी दोन वर्षांची रजा मिळाली होती आणि ती मार्चअखेर संपणार होती. नाव पुण्याला नोंदवलेलं, काम धुळ्यात. विषय होता लुटेशियम बोरेट. नावाला घाबरू नका, ती एक पांढरी पूड असते. तिच्यावर क्ष-किरण पडले की ती उजळते, म्हणून किरण पकडायच्या पडद्यांसाठी अशा पदार्थांच्या मागे जगभर माणसं लागलेली असतात. त्यात मी चिमूटभर युरोपियम घातलं होतं, म्हणजे अतिनील दिव्याखाली धरलं की पूड रंगाने चमकते. तापवल्यावर तिच्या स्फटिकांची आतली रचना कशी बदलते, एवढंच मला शोधायचं होतं. लुटेशियम मिळणं महाकठीण. वर्षभर पत्रं लिहून जे थोडं हाती आलं, त्याची सगळी पूड ऑगस्टमध्ये एकदाच बनवली आणि एका बाटलीत भरून कपाटात ठेवली. कपाटाची किल्ली आबांकडे असे.

दर खेपेला त्या पुडीतून एक ग्रॅम घ्यायची, दाबून गोळी करायची, पसरट मुशीत, म्हणजे आगीत टिकणाऱ्या वाटीत, ठेवायची आणि भट्टीत सारायची. सकाळी लवकर भट्टी सुरू केली की दुपारी ती साडेतेराशे अंशांवर जाई. पाचला बंद करायची. सासूबाईंच्या औषधाची वेळ असल्याने मी चारला घरी निघे, म्हणून बंद करण्याचं काम आबांचं. भट्टीच्या बाजूला मी स्वतःच्या अक्षरात नियम चिकटवला होता: दार उघडू नये, भट्टी आपोआप थंड होऊ द्यावी, सकाळी मी आल्यावर उघडावी.

सप्टेंबर-ऑक्टोबरात तीन गोळ्या झाल्या. तिन्ही अखंड, वजनाला बरोबर, दिव्याखाली कुंकवासारख्या लाल. दिवाळीनंतर आबांची बायको झुंबरबाई यांच्या डोळ्यांचं ऑपरेशन निघालं. आबा तीन आठवडे रजेवर गेले. घरी ते स्वयंपाकही करत आणि बायकोच्या डोळ्यांत औषधाचे थेंबही टाकत. नोव्हेंबरातल्या तीन गोळ्या मी एकटीने भाजल्या. नणंदेला सासूबाईंजवळ बसवायची, पाचपर्यंत थांबायचं, भट्टी बंद करून कुलूप लावायचं. सगळं नियमाप्रमाणे.

आणि त्या तिन्ही गोळ्या बिघडल्या. एक तडकून तिचे आठ तुकडे झाले, दुसरीचा भुगा, तिसरी हात लावताच ढासळली. दिव्याखाली लाल नाहीच, नारिंगी. तोलून पाहिल्या तर एक बारा मिलिग्रॅमने कमी, दुसरी पंधराने, तिसरी चौदाने. एकूण एक्केचाळीस मिलिग्रॅम गायब. बाटली तीच, पूड तीच, भट्टी तीच. मग बदललं काय?

रागावलेल्या माणसाला कारण शोधावं लागत नाही, समोर दिसेल ते चालतं. मी हिशेब मांडला: लाल होती तोवर पूड शुद्ध होती. नंतर तिच्यात काहीतरी मिसळलं. मिसळलेलं तापल्यावर उडून गेलं, म्हणून वजन घटलं. भेसळ होती म्हणून गोळी फुटली. किल्ली कुणाकडे? रजेवर जायच्या आधी कपाट शेवटचं कुणी उघडलं? मला माझ्या बुद्धीचं इतकं कौतुक वाटलं की काय सांगू.

डिसेंबरच्या पहिल्या सोमवारी आबा कामावर आले. प्रयोगशाळेत आमचे विभागप्रमुख अभिमन बोरसे सर होते, दोन प्राध्यापक होते, धनसिंग शिपाई चहाचे कप घेऊन उभा होता. मी बाटली टेबलावर आपटली आणि म्हटलं, "आबा, किती काढलंत यातून? आणि वर काय घातलंत?" आबांना काही कळेना. मला तेही सोंगच वाटलं. मी म्हणाले, "सोनार आईच्या नथीतलंसुद्धा सोडत नाही म्हणतात, ते खोटं नाही."

बोरसे सर खिडकीबाहेर पाहू लागले. आबांनी खिशातून किल्ली काढली, टेबलावर ठेवली, "म्याडम, चावी," एवढं म्हणाले आणि बाहेर गेले. तेवढ्यावर मी थांबले असते तरी चाललं असतं, पण मी प्राचार्यांना लेखी तक्रारही दिली. चौकशी नेमायचं ठरलं. आबा मे महिन्यात साठ पूर्ण करून निवृत्त होणार होते. सत्तावीस वर्षं नोकरी करून शेवटी चोर म्हणून फाटकाबाहेर पडायचं, हे त्यांच्यासमोर वाढून ठेवलं होतं आणि वाढणारी मी होते. त्यांनी स्वतःहून वाचनालयात बदली मागितली. तिथे ते पुस्तकांवर शिक्के मारत बसत. मी समोरून गेले तर उठून उभे राहत, नमस्कार करत, आणि त्या नमस्काराने माझं डोकं आणखीच फिरे.

एक लाल गोळी आणि एक नारिंगी भुगा मी क्ष-किरणांनी तपासायला पुण्याला पाठवला. भेसळ कसली आहे ते नावानिशी कळू दे, म्हणजे चौकशीत पुरावा होईल. डिसेंबर संपता संपता माझ्या मार्गदर्शकांचं पत्र आलं. ते मी उभ्याने वाचलं आणि मग स्टूल ओढून बसून पुन्हा वाचलं. दोन्ही नमुने अगदी शुद्ध. भेसळीचा मागमूस नाही. पदार्थ एकच, रचना मात्र दोन वेगवेगळ्या. खाली त्यांनी एक ओळ खरडली होती: "दोन्ही एकाच रीतीने थंड केलेत ना?"

तोंडात बसावी तशी ती ओळ बसली. हे मी पुस्तकात वाचलेलं होतं, शिकवलेलंही होतं. लग्नाच्या पंगतीत माणसं मांडी घालून बसतात तेव्हा मांडवभर जागा लागते, तीच माणसं उठून उभी राहिली की निम्म्या मांडवात मावतात. या पुडीतले अणू थंडपणी पंगतीसारखे ऐसपैस बसतात. तेराशे अंशांच्या पुढे गेले की उठून दाटीने उभे राहतात. हळूहळू थंड केलं तर परत बसायला वेळ मिळतो, मग त्यांना जागा कमी पडते, ते एकमेकांना रेटतात आणि गोळी आतून फुटते. लाल भडक असतानाच बाहेर काढलं तर बसायची संधीच मिळत नाही, उभे ते उभेच राहतात. उभ्यांचा रंग लाल, बसलेल्यांचा नारिंगी. म्हणजे माझ्या गोळ्या नियमाने थंड झाल्या होत्या आणि आबांच्या नाहीत. आबा नियम मोडत होते. आणि चोरी कुणीच केली नव्हती.

लूना काढली आणि पुलावरून थेट त्यांच्या गल्लीत गेले. झुंबरबाईंनी काळ्या चष्म्यातून मला वरपासून खालपर्यंत पाहिलं. चहा दिला, त्यात साखर नव्हती. चुकून की मुद्दाम, हे विचारायची माझी छाती झाली नाही. त्या म्हणाल्या, "यास्नी सत्तावीस साल काचन्या बाटल्या धुयात. एक फुटनी नही." मी मान खाली घालून तो कडू चहा संपवला.

आबा आतून आले. मी पत्र पुढे केलं, मग लक्षात आलं की ते इंग्रजीत आहे, म्हणून तोंडानेच सांगितलं आणि विचारलं, "आबा, खरं सांगा. तुम्ही मूस गरम असतानाच बाहेर काढत होतात ना?"

ते माझ्यासमोर मांडी घालून बसले. मग म्हणाले, "लाल मूस भट्टीमा सोडीसन सोनार घर जास नही. मना बापनी तसंच शिकाडं." विझत्या भट्टीत मूस ठेवून जाणं म्हणजे भरल्या ताटावरून उठणं, असं त्यांच्याकडे मानत. माझा नियम त्यांनी वाचला होता. पण पहिल्याच दिवशी पाच वाजता भट्टी बंद केली आणि त्यांचे पाय दाराकडे वळेनात. लांब सांडशीने मूस उचलली, विटेवर ठेवली, गार झाल्यावर सकाळी मी यायच्या आत पुन्हा भट्टीत नेऊन ठेवली. दुसऱ्या खेपेला तसंच, तिसऱ्या खेपेलाही तसंच.

"मग त्या दिवशी का नाही बोललात?"

"चोरी करी नही म्हनीसन सांगतू, त नियम मोडा हाई बी सांगनं पडतं." नियम मोडणारा शिपाई की चोर शिपाई, यातलं काय बरं, हे त्यांना ठरवता येईना. म्हणून गप्प राहिले.

मी हात जोडले. म्हटलं, आबा, मी तुमची माफी मागते. मला वाटलं, संपलं. आबांनी मान हलवली. "तुम्ही चार लोकेस्मा बोलनात," ते म्हणाले, "अठे, घरमा, माफी मांगीसन काय?" त्यांनी पुढे विचारलं, वजन कमी कसं भरलं? मी म्हटलं, गोळी फुटली तेव्हा कण उडाले असतील, भट्टीतच कुठेतरी पडले असतील. आबा पहिल्यांदाच हसले. "सोनं कमी भरनं त सोनार पहिले जमीन झाडस. मानूसले नही. आते चार लोकेस्मा भट्टी झाडू."

खरं सांगते, त्या रात्री मला जेवण गेलं नाही. एक्केचाळीस मिलिग्रॅम म्हणजे नखावर मावेल इतकी पूड, तीही पांढऱ्या विटांवर पांढरी. सापडली नाही तर? पदार्थ शुद्ध आहे हे पुण्याने सांगितलं होतं, पण वजन का घटलं हे कुणीच सांगितलं नव्हतं. भेसळ नाही तर नाही, चोरी तर असू शकते, असं चौकशीवाला म्हणालाच असता. आणि तो म्हणाला असता ते माझ्याच तक्रारीच्या जोरावर.

संक्रांतीच्या दुसऱ्या दिवशी, भर दुपारी, सगळे जमले. बोरसे सर, ते दोघे प्राध्यापक, धनसिंग. मी प्राचार्यांनाही बोलावलं होतं. आबा धुतलेली टोपी घालून आले. त्यांच्या हातात घरून आणलेली छोटी कुंचली आणि एक काळा गुळगुळीत कागद होता. धनसिंगने खिडक्यांना काळे पडदे लावले. रसायनशास्त्र विभागाचा अतिनील दिवा आबांनी भट्टीच्या तोंडात धरला.

आम्ही सगळे वाकलो. भट्टीच्या तळाच्या विटांमध्ये, सांध्यांत, टवक्यांत, नारिंगी ठिपके पेटलेले होते. कुठे एकेक, कुठे ओळीने. बोरसे सरांनी नुसता चष्मा वर केला.

आबा उकिडवे बसले. कुंचलीने एकेक सांधा झाडत त्यांनी ठिपके कागदावर ओढले. विटेचे कण दिव्याखाली काळे दिसत, ते नखाने बाजूला सारत. पाऊण तास लागला. प्राचार्य जायला निघाले होते ते खुर्ची ओढून बसले. मग पडदे उघडले. आबांनी ताजव्यावर फुंकर मारली, पूड ओतली आणि एक पाऊल मागे सरले. वजन वाचायला त्यांनी मला सांगितलं नाही. प्राचार्यांना सांगितलं.

"छत्तीस मिलिग्रॅम," प्राचार्य म्हणाले.

"पाच आखो इटमा शेत," आबा म्हणाले. "वीट फोडशात त भेटतीन."

वीट फोडायची गरज पडली नाही. तेव्हा मला जे बोलायचं होतं ते मी बोलले. चांगलं बोलले असं नाही. मी म्हटलं, "मी आबांना चोर म्हटलं. मी त्यांच्या जातीवर गेले. पूड भट्टीने खाल्ली होती आणि भट्टी मी चालवत होते. मला लाज वाटते." रडू आलं, आणि मला रडताना कुणी पाहिलं की मला राग येतो, म्हणून मी धनसिंगवर ओरडले की पडदे नीट घडी करून ठेव. तक्रार मी सगळ्यांसमोर परत मागून घेतली आणि फाडली. बोरसे सर म्हणाले, "बाई, सोनारानेच कान टोचले ते बरं झालं." सगळे हसले. आबाही हसले आणि माझ्या हातात किल्ली पाहून त्यांनी हात पुढे केला.

ती झाडलेली छत्तीस मिलिग्रॅम पूड पुढच्या आठवड्यात आम्ही पुन्हा भाजली. पाच वाजता आबांनी सांडशीने मूस उचलली, या खेपेला माझ्यासमोर, घड्याळ लावून. गार झाल्यावर दिव्याखाली धरली तर लाल. पुन्हा तापवून हळू थंड केली, नारिंगी. पुन्हा झटकन काढली, लाल. भट्टीच्या बाजूचा माझा नियम मी ओरबाडून काढला. रजा संपायला दोन महिने उरले होते आणि माझ्याकडे सांगण्यासारखं काहीतरी अखेर होतं.

आबा मेमध्ये जाणार, मग मूस कोण काढणार? म्हणून दर रविवारी मी त्यांच्या ओट्यावर जाऊन शिकू लागले. सांडशी मनगटाने धरायची नाही, खांद्याने धरायची. श्वास रोखायचा नाही. रिकाम्या मुशीत जोंधळे भरून ते मला उचलायला लावत आणि एक दाणा सांडला की झुंबरबाई आतून मोजत. मी दोनदा सांडशी आपटली, एकदा उठून चालायला लागले. आबा म्हणाले, बसा, भट्टीला राग कळत नाही. मी बसले.

फेब्रुवारीतल्या अशाच एका रविवारी जनगणनेचे मास्तर आले. जीवराम मास्तर, आमच्याच भागातले, बगलेत फॉर्मांचा गठ्ठा. ओट्याच्या कडेला बसून त्यांनी नावं घेतली, वयं घेतली. मग विचारलं, "आबा, काम काय?"

"कॉलेजमा शिपाई," झुंबरबाईंनी आतून सांगितलं.

मास्तरांनी पेन टेकवलं. आबा म्हणाले, "पहिले सोनार लिखा. शिपाई मंग."

मास्तर हसले. "आबा, दुकान बंद होऊन जमाना झाला. सरकारी कागद आहे, उगाच काही लिहिता येत नाही. सोनारकाम करता, याला कुणी साक्षीदार आहे?"

आबांनी माझ्याकडे पाहिलं नाही. ते सांडशीचा खिळा घट्ट करत राहिले.

"मी आहे," मी म्हणाले. "लिहा मास्तर, सोनार."

मास्तरांनी लिहिलं.